पाणी साऱ्यांच्या वावरात, पंचनामा सातबाऱ्यावर

२०२५ चा पावसाळा संपून गेला, पण वाशीम जिल्ह्यातल्या माणसांच्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. कोर्टात तारखेला आलेला पक्षकार आपल्या केसबद्दल दोन वाक्ये बोलतो आणि तिसऱ्या वाक्याला पाण्यावर येतो. आमच्या वऱ्हाडात पावसाला पाऊस फारसे कोणी म्हणत नाही, पाणीच म्हणतात. 'तुमच्याकडं पाणी कसं हाय' या एका प्रश्नात पेरणी, कर्ज, पोरीचे लग्न आणि पोराची फी हे सगळे विचारलेले असते. शहरातले लोक हवापाण्याच्या गप्पांना वेळ घालवायच्या गप्पा समजतात. ज्याच्या खात्यावर एक तारखेला पगार जमा होतो त्याला तसे समजणे परवडते. ज्याची भाकरी ढगावर अवलंबून आहे त्याच्यासाठी हवापाणी हेच राजकारण आहे आणि हेच अर्थकारण आहे.

म्हणून आज कोणता पुढारी कोणत्या गटातून कोणत्या गटात गेला यावर न लिहिता पाण्यावर लिहावे असे ठरवले आहे. गटातटांचे वर्तमान रोजच छापून येते आणि दुसऱ्या दिवशी शिळे होते.

त्या वर्षी मान्सून मे महिन्यातच आला. २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. विदर्भात मात्र त्याने जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहायला लावली. पुढे ऑगस्टच्या मध्यात आणि पुन्हा सप्टेंबरात तो असा कोसळला की पैनगंगेकाठची वावरे ओळखू येईनात. सोयाबीनचे गणित सरळ आहे. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना मुळाशी पाणी साचले की झाड पिवळे पडते, आणि शेंग पक्की झाल्यावर पाणी लागले की दाणा शेंगेतच कोंबारतो. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण आहे. अशा वर्षी तोच गुण पिकाच्या मुळावर येतो. वाशीम जिल्ह्यात दोन लाख हेक्टरहून अधिक क्षेत्रावरचे पीक गेले, राज्यात हा आकडा सुमारे ६८ लाख हेक्टरपर्यंत गेला. नांदेड, यवतमाळ आणि वाशीम ही नावे तेव्हा रोज एका ओळीत छापून येत होती. एरवी आमच्या जिल्ह्याचे नाव मुंबईच्या पेपरात आकांक्षित जिल्हा म्हणून येते. केंद्राच्या भाषेत आकांक्षित म्हणजे मागासलेला, एवढे आता सर्वांना समजले आहे.

माझी मुलगी पुण्याला शिकते. सप्टेंबरात ती रोज रात्री फोन करून विचारायची, 'पप्पा, आपल्या घरात पाणी तर नाही ना शिरलं?' घरात पाणी शिरले नव्हते, आणि आम्हाला शेती नाही. तरी ती विचारत राहायची, कारण तिच्या आजोळचे लोक मजुरी करतात आणि मामाच्या आवाजावरून तिला बरेच काही कळत होते. आमची आई जवळच बसलेली असायची. तिला कानाने थोडे कमी ऐकू येते, पण पाण्याचे बोलणे बरोबर ऐकू येते. ती एकदा म्हणाली, 'बहात्तरात पाणी नव्हतं तं सरकारनं काम देलं. आता पाणी जास्ती झालं तं काम बी गेलं अन् देणारं बी कोनी नाही.'

शाळेची पायरी न चढलेल्या बाईने दोन वाक्यांत जे सांगितले त्यावर एखादा प्रबंध होईल. १९७२ च्या दुष्काळात माझी आई सतरा-अठरा वर्षांची होती. खडी फोडायला, तलावावर माती टाकायला ती गेली. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाल्ली. त्याच दुष्काळाच्या पोटातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना मोठी झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ साली देशाने तो नमुना उचलला. म्हणजे कोरड्या दुष्काळाने निदान एक गोष्ट मान्य करायला लावली, की पीक गेले म्हणजे फक्त पीक पेरणाऱ्याचे जात नाही, ते काढायला येणाऱ्याचेही जाते. ओल्या दुष्काळाबाबत ही गोष्ट सरकारने अजून मान्य केलेली नाही. चिखलात रोहयोचे कामही चालत नाही. बांध घालता येत नाही, खड्डे खोदता येत नाहीत. मजूर पंधरा-वीस दिवस पत्र्याखाली बसून राहतो आणि त्याच्या बसून राहण्याचा पंचनामा होत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरातला तो आठवडा मला चांगला आठवतो. ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयात देशाचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने एका वकिलाने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. ७ तारखेला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे मदतीचे पॅकेज जाहीर केले. त्याच दोन दिवसांत आश्विन पौर्णिमा आली आणि विहारांतला वर्षावास संपला. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर आम्हा मित्रांचे टोळके जमते. त्यात एक शिक्षक आहे, एक अडत्याकडे दिवाणजी आहे, एकाची स्वतःची सहा एकर शेती आहे आणि दोघे माझ्यासारखेच काळ्या कोटातले. बुटावर सगळे पोटतिडकीने बोलले आणि ते योग्यच होते. अमरावतीच्या आमच्या माणसाचा तो प्रश्न नव्हता. त्या खुर्चीवर कोण बसलेले चालत नाही, हे त्या बुटाने सांगितले होते. शिक्षक मित्राने मोबाईल दाखवला. समाजातल्या झाडून साऱ्या पोरांच्या स्टेटसवर निषेध होता.

पॅकेजवर मात्र फक्त सहा एकरवाला मित्र बोलला. कोरडवाहूला हेक्टरी ८ हजार ५०० आणि रब्बीच्या बियाण्यासाठी १० हजार असे मिळून १८ हजार ५००, तेही तीन हेक्टरपर्यंत. तो म्हणाला, 'बियाणं, खत, फवारणी, निंदण मोजलं तर खर्चबी निघत नाही. अन् जे थोडं घरी आलं ते भिजेल. त्याले भाव कोन देते?' दिवाणजीने मान हलवली. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ५ हजार ३२८ रुपये होता आणि बाजारात चांगल्या मालालाही साडेचार हजारांच्या आत बोली लागत होती. डागी मालाचे तर नावच काढू नका. तेव्हा शेतकऱ्याला फार काही मिळाले आणि आमच्या लोकांच्या तोंडचे काढून त्याला दिले, असा कांगावा मला करायचा नाही. त्याला मिळाले ते कमीच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या कमीच्या रांगेतसुद्धा ज्याला उभे राहू दिले नाही, तो कोण?

त्याच महिन्यात मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली साठीची बाई माझ्याकडे आली. नवरा वारलेला, एक मुलगा वीटभट्टीवर. तीन एकर वाहते. सोयाबीन आणि मधे तुरीचे तास. शेजारच्या वावराचा पंचनामा झाला, बांधापर्यंत येऊन कर्मचारी परत फिरला. बाई मला विचारत होती, 'वकील साहेब, पाणी तं साऱ्याइच्या वावरात आलं. मंग माह्याच वावराचा पंचनामा काहून नाही?' याचे उत्तर एका ओळीचे आहे. ती वाहते ती जमीन ई-क्लास आहे. बाकी महाराष्ट्र जिला गायरान म्हणतो तिला आम्ही वऱ्हाडात ई-क्लास म्हणतो. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचे नाव आहे. बाईचे नाव आहे ते गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत.

हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या शिकलेल्या पोरांनाही हे माहीत नसते. जमीन मालकीची असो की नसो, पूर्वी बांधावर जाऊन पीक कोणाचे हे तलाठी डोळ्यांनी पाहू शकत होता. त्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, हाक मात्र गावात तलाठी म्हणूनच मारतात. पण आता सगळे मोबाईलवर आले. ई-पीक पाहणी करायची तर खातेदार पाहिजे. २०२५ पासून शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तो क्रमांक सातबाऱ्याला जोडलेला. मदतीचे पैसे त्या नोंदीवर. हमीभाव केंद्रावर माल घालायचा तर सातबारा आणि पीकपेरा. बँकेचे पीककर्ज तर विचारूच नका. एका कागदाने पाच दारे उघडतात, आणि तो कागद नसला की पाचही दारे एकदम बंद होतात. मग ही बाई काय करते? गावच्या किराणा दुकानदाराकडून उधारीवर बियाणे आणते, त्यालाच माल घालते, तो म्हणेल त्या भावात. सरकारच्या दप्तरात तिने कधी पेरलेच नाही, तर बुडेल काय?

तीन एकर म्हणजे सव्वा हेक्टरला थोडे कमी. १८ हजार ५०० च्या हिशेबाने तिचे साधारण २२ हजार रुपये होतात. तेवढ्या पैशात कोणाचे राज्य बुडणार नव्हते.

पीक विम्याचे सांगायचे तर तो एक रुपयाचा विमा २०२३ साली वाजतगाजत आला आणि २०२५ च्या खरिपात गेला. जाताना स्थानिक आपत्तीची भरपाईही घेऊन गेला, उरला फक्त पीक कापणी प्रयोग. म्हणजे सातबारावालाही त्या बाबतीत अर्धा उघड्यावरच आला आहे. फरक एवढाच, की तो उघड्यावर आल्याचे विधानसभेत बोलले जाते.

आता कायद्याचे बघू. ई-क्लास जमीन वाहणारे सगळे चोर आहेत, त्यांनी गुरांचे गवत लुटले, असे आजकाल सर्रास बोलले जाते. गुरे कोणाची आणि गायरान कोणासाठी, हा प्रश्न बाजूला ठेवतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ५० अतिक्रमण काढण्याचे आहे. ते अधिकाऱ्यांना पाठ असते. त्याच्या लगेच पुढचे कलम ५१ अतिक्रमण नियमानुकूल करण्याचे आहे, ते मात्र त्यांना वाचून दाखवावे लागते. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय सांगतो की १४ एप्रिल १९९० पर्यंत ज्या भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी सरकारी जमिनीवर अतिक्रमण केले असेल ते नियमानुकूल करावे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या पहिल्या दिवसाची ही तारीख उगाच घातलेली नाही. त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासूनचा रेटा होता. परंतु निर्णय निघाला आणि फायली तहसीलमध्ये झोपल्या. कोणाचे नाव नोंदवहीत चढवलेच नव्हते, कोणाची दंडाची पावती गहाळ, कोणाच्या बाबतीत ग्रामपंचायतीने विरोधाचा ठराव करून ठेवलेला. ग्रामपंचायतीत तेव्हा कोण बसत होते हे वाचकांना सांगायला नको.

पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आला. गावाच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवा, असे त्यात सर्व राज्यांना बजावले आहे. प्रत्येक नोटिशीत या निकालाचा हवाला असतो. मात्र त्याच निकालात एक अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जमीन दिलेली असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय उभी असेल, तर नियमानुकूल करता येईल. हा परिच्छेद नोटिशीत कधी येत नाही. मी आजवर जितक्या नोटिसा हाताळल्या त्यांपैकी एकीतही तो मला दिसला नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा विषय स्वतःहून जनहित याचिका म्हणून हाती घेतला आणि मग त्या वर्षाच्या अखेरीस गावोगाव नोटिसांचा पाऊस पडला. तो पाऊस मात्र बरोबर आमच्याच वस्त्यांवर पडला. बौद्ध, मातंग, पारधी, बंजारा, आंध. खेड्यात नोटीस लागली की बाया आधी रडतात आणि मग कागद शोधतात.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. वाशीमजवळच्या घोडबाभूळ येथील ३७ एकर गायरान एका खासगी व्यक्तीला देण्याचा आदेश तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांनी जून २०२२ मध्ये काढला. प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, न्यायालयाने त्यावर गंभीर प्रश्न उपस्थित केले आणि डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात गदारोळ झाला. त्या प्रकरणाच्या कायदेशीर बाजूवर मला येथे भाष्य करायचे नाही. एवढेच नोंदवतो की ३७ एकरांची फाईल मंत्रालयापर्यंत जाऊन सहीसकट परत येऊ शकते. तीन एकरांची फाईल तहसीलच्या जिन्यावरून वर चढत नाही.

हे झाले जमीन वाहणाऱ्यांचे. ज्यांच्याकडे ई-क्लासचाही तुकडा नाही त्यांचे काय? आमच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार पाच माणसांमागे जवळपास एक अनुसूचित जातीचा आहे आणि खेड्यातला त्यांतला मोठा भाग मजुरीवर जगतो. सोयाबीनची सोंगणी हा आमच्या मजुराचा वर्षातला मोठा हंगाम. नवरा-बायको मिळून एकरावर काम घेतात, पहाटे अंधारात निघतात, विळ्याने हाताला चिरा पडतात, पण पंधरा-वीस दिवसांत दिवाळी, किराणा आणि पोरांचे कपडे निघतात. उभे पीकच सडले तर सोंगायचे काय? जे थोडे वाचते तिथे रान वाळले की हार्वेस्टर घुसवतात, कारण शेतकऱ्यालाही पुढच्या पाण्याची धास्ती असते. त्यालाही दोष देता येत नाही.

पूर्वी ज्वारी होती. आई सांगते, ज्वारीच्या खुडणीला मजुरी पैशात कमी आणि धान्यात जास्त मिळायची. पायलीभर ज्वारी घरात आली की आठ दिवस चूल पेटायची, कडबा गुरांना व्हायचा, गोंडर लिंपायला आणि सारवायला मातीत मिसळायचे. नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने सारे शिवार व्यापले. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा दिला हे खरे, त्यामुळे घरे पक्की झाली, पोरे शिकली. परंतु सोयाबीन मजुराच्या घरी जाऊन शिजवता येत नाही. ते मोंढ्यात जाते, तिथून तेल गिरणीत जाते आणि तेलाची पिशवी होऊन दुकानात परत येते. तेव्हा मजुराला ती विकतच घ्यावी लागते. पीक बदलले की जातीच्या गावगाड्यात कोणाचे पोट कसे बदलते, याचा अभ्यास आपल्या विद्यापीठातल्या पोरांनी करावा. मराठवाड्याच्या सीमेवरच्या आमच्या रिसोड तालुक्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष वाचले तर तेथे केवळ पीक आणि जनावरे नाहीत. आपत्तीमुळे ज्यांच्या उपजीविकेवर गंभीर आघात झाला अशा कुटुंबांना सानुग्रह साहाय्य देण्याचे कलमही त्या निकषांत आहे. २०२५ च्या पॅकेजच्या जाहीर झालेल्या मुख्य बाबी मी ओळीने वाचल्या. पीक होते, खरडून गेलेली जमीन होती, विहिरी होत्या, दुभती जनावरे होती, कोंबड्यासुद्धा होत्या. बुडालेली मजुरी नव्हती. दुभत्या जनावराला ३७ हजार ५०० रुपये देणे योग्यच आहे, पण त्या जनावराचे शेण काढणाऱ्या माणसाचा रकाना कुठे आहे, असे कोणी विचारले नाही. विरोधी बाकांवरूनही त्याची चर्चा कर्जमाफीइतकी झाली नाही. कर्जमाफी मिळायलाही आधी कर्ज मिळालेले असावे लागते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभराचे सव्वाशे दिवस झाले म्हणून त्याचे स्वागत करणारे आपल्यातही आहेत. त्याच कायद्यात शेतीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची योजना आहे, जेणेकरून शेतकऱ्याला मजूर मिळावेत. ओल्या दुष्काळाच्या वर्षी हे साठ दिवस मजुराला कसे जातील, याचा विचार मजुरांत काम करणाऱ्यांनी आताच करून ठेवला पाहिजे. आईचे बहात्तरचे वाक्य त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता आपल्या घरचे बोलू. बुटाचा निषेध झाला पाहिजे होता, झाला. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, समाज रस्त्यावर उतरला, आणि न्यायालयीन कोठडीतल्या सोमनाथ सूर्यवंशींच्या मृत्यूचा जाब मागितला गेला. या लढ्यांना अस्मितेचे लढे म्हणून नाके मुरडणारे विद्वान मला मान्य नाहीत. माणूस म्हणून उभे राहता आले नाही तर जमीन घेऊन करायचे काय? पण दोन गोष्टींपैकी एकच निवडायची असते, हे आपल्याला कोणी शिकवले? १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना जी मागण्यांची सनद दिली ती काढून वाचा. पहिली मागणी बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावण्याची आहे. लगेच पुढे कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याचे वाटप आणि किमतींवर नियंत्रण, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना सवलती. एकाच कागदावर फोटोही आहे आणि वावरही आहे. त्या कागदासाठी ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि तीन लाखांहून अधिक माणसांनी तुरुंग भरले, असा चळवळीचा इतिहास आहे. आमच्या वऱ्हाडातल्या कित्येक घरांत आजही एखादी म्हातारी सांगते की तिचा सासरा तेव्हा जेलात गेला होता. तैलचित्र लागले. जमिनीची ओळ मात्र आपल्याच भाषणांतून हळूहळू निघून गेली.

याला कारणे आहेत आणि ती नुसती पुढाऱ्यांच्या फाटाफुटीची नाहीत. जे शिकले ते शहरात गेले, माझ्यासारखे तालुक्याला किंवा जिल्ह्याला राहिले. चळवळीचा कार्यक्रम ठरवणारा माणूस नोकरीचा विचार करतो, आरक्षणाचा करतो, आणि तो त्याने केलाच पाहिजे. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर आमच्या बार रूममध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. पण पंचनामा हा शब्द आपल्या बैठकीत कधी येत नाही, कारण बैठकीला बसलेल्यांपैकी कोणाचे पीक बुडत नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती सामुदायिक पद्धतीने कसण्यास द्यावी, त्यात जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असा भेदच राहू नये, अशी मांडणी केली होती. आज त्याच राज्याच्या मालकीच्या जमिनीवर कसणारा भूमिहीन मात्र गुन्हेगार ठरतो. यावर एखादा परिसंवाद घ्यायला हरकत नाही, मानधन न घेता येणारे वक्तेही मिळतील.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना २००४ पासून आहे. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. अर्जदारांची यादी लांब आणि विकणारा कोणी नाही, कारण समृद्धी महामार्ग आल्यापासून कारंजा-मालेगावकडे वावराचे भाव सरकारी मर्यादेच्या वर गेले, आणि महामार्गापासून दूरच्या गावात आपल्या माणसाला जमीन विकायला अजूनही काहींचा हात थरथरतो. ज्या वेगाने ही योजना चालते त्या वेगाने त्या बाईच्या नातवालाही जमीन मिळणार नाही. तिच्या पायाखाली जी तीन एकर आहे तीच तिच्या नावावर करणे सगळ्यात स्वस्त आहे. सरकारला त्यात एक रुपयाही जमीन खरेदीला घालावा लागत नाही.

वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे हा नियम का झाला, ते विनयात सांगितले आहे. भिक्खू फिरतात तेव्हा कोवळे हिरवे गवत तुडवले जाते, असे लोकांनी बोलून दाखवले आणि भगवंतांनी ते ऐकले. संघाचा नियम हवापाणी बघून आणि सामान्य माणसाची तक्रार ऐकून झाला. तेव्हा संध्याकाळी वाचन संपल्यावर विहारातच अर्धा तास बसून कोणाचे वावर वाहून गेले, कोणाची मजुरी बुडाली याची वहीत नोंद करणे धम्माबाहेरचे होणार नाही. मालेगाव तालुक्यातल्या दोन विहारांत उपासिकांनी गेल्या वर्षी हे केले. त्यांनी साध्या शाळेच्या वहीत नाव, गट नंबर, पीक, किती दिवस काम नाही असे रकाने पाडले आणि वहीची प्रत अर्जाला जोडून तहसीलला दिली. पैसे आले नाहीत. पण वहीवर आवक शाखेचा शिक्का आला, आणि पुढे कोर्टात उभे राहताना मला तो शिक्का उपयोगी पडतो.

त्या बाईकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत सात कागद निघाले. १९८६ ची दंडाची पावती, १९८९ ची एक, सासऱ्याच्या नावाची जुनी नोटीस, आणि बाकीचे चिटोरे. १४ एप्रिल १९९० च्या आधीची एक पावतीसुद्धा फार किमतीची असते. पत्रा गळतो आणि हे कागद पाण्याने जातात, असे मी दरवर्षी पाहतो. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी पुढचे पाणी येण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवावी, मूळ प्रत कोणत्याही कर्मचाऱ्याच्या हातात देऊ नये, गाव नमुना १-ई ची नक्कल माहितीच्या अधिकारात मागावी, आणि कलम ५१ खालचा अर्ज तहसीलदारांच्या नावे करून दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. नोटीस आली असेल तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे. तोंडी सांगितलेले दप्तरात राहत नाही. अर्ज कसा लिहायचा हे न कळल्यास जवळच्या तालुक्यातल्या आपल्या कोणत्याही वकिलाकडे जावे. या कामाची फी घेणारा वकील आपल्यात असेल तर त्याचे नाव मला कळवावे.